रोलर बाबांचा, ब्रश माझा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून मालवणला आलो तेव्हा बॅगेत लॅपटॉप, चार्जर आणि सहा रोलर होते. रंग लावायचे रोलर. बाबांची होडी विकायची ठरली होती आणि त्याआधी तिला रंग काढायचा होता.

होडी फायबरची, २२ फुटी. दांडीच्या किनाऱ्यावर माडांखाली ओढून ठेवलेली. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. ती घेणार होता देवबागचा माझा मामेभाऊ, म्हणजे घरातलाच माणूस. किमतीवरून घासाघीस नव्हती, कागदपत्रांची घाई नव्हती. तो म्हणालाही होता, "रंगाचं मी बघीन." पण बाबांचं एकच पालुपद होतं, "अशी देवची नाय."

अशी म्हणजे कशी, ते मला गेल्या वर्षीच कळलं होतं. आईने व्हॉट्सॅपवर रंगवलेल्या होडीचा फोटो पाठवला होता. निळा रंग, वर पांढरा पट्टा, नाळेवर नाव. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी तो फोटो झूम केला आणि घास तोंडातच राहिला. निळ्या रंगात ब्रशच्या रेघा दिसत होत्या. ब्रशच्या रेघा तशा सगळ्याच होड्यांवर असतात, पण त्या सरळ असतात. या रेघा बारीक लाटांसारख्या होत्या. एकसारख्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबांचा हात थरथरतो हे त्या दिवशी मला होडीने सांगितलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हा पार्किन्सन नाही, 'एसेन्शियल ट्रेमर' आहे. हात मांडीवर असला की शांत. काही करायला उचलला की थरथर सुरू, आणि काम जितकं नाजूक तितकी ती जास्त. चहाचा कप, शर्टाचं बटण, जाळ्याची गाठ. जाळ्याची गाठ मारता येईना तेव्हा बाबांनी स्वतःच होडी विकायचा विषय काढला. मी फोनवर "बघू" म्हणालो. आम्हा दोघांनाही माहीत होतं की बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मला समुद्रावर जाता येत नाही.

येत नाही, कारण शिकवलंच नाही. दरवर्षी मे महिन्यात बाबा होडी घासायचे, लांबी भरायचे, रंगवायचे. मी जवळ गेलो की म्हणायचे, "तू हात लावू नको, अभ्यास कर." दहावीला तेच, बारावीला तेच. इंजिनीअरिंगच्या सुट्टीत आलो तर म्हणाले, "कपडे खराब होतील." माझ्या कॉलेजची फी याच होडीने भरली. त्या होडीला मी २८ वर्षांचा होईपर्यंत रंगाचा एक हात लावलेला नव्हता.

म्हणून ते सहा रोलर. माझा हिशोब सोपा होता. ब्रशमुळे रेघा पडतात ना, मग ब्रशच नको. रोलरला रेघ ओढावीच लागत नाही. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

बाबांनी रोलर एकेक करून हातात घेतले. लोकरीसारख्या लांब केसांचा नऊ इंची रोलर त्यांनी माडाच्या बुंध्याला टेकवून ठेवला. "ह्यो भिंतीचो," म्हणाले. मग बाकीच्या पाचांकडे बघून, "होडी काय लग्नाक जावची हा?"

पहिले दोन दिवस रंगाला हात लावायचाच नव्हता. आधी गोड्या पाण्याने धुणं. मग थिनरच्या फडक्याने पुसणं, कारण तेल किंवा ग्रीस अंगावर असताना घासलं तर पॉलिश पेपर ते आणखी आत चोळतो. मग लांबी भरून घासणं, शेवटी २२० नंबरचा पेपर. मग शेवाळी रंगाचा, दोन डबे एकत्र करून लावायचा इपॉक्सी प्रायमर. तो मी माझ्या स्वस्तातल्या पिवळ्या स्पंजच्या रोलरने लावायला घेतला. दहा मिनिटांत स्पंज फुगला, नळीवरून सुटला आणि ओल्या मोज्यासारखा लोंबायला लागला. दोन डबेवाल्या रंगांचा थिनर जहाल असतो, त्यात साधा स्पंज आणि त्याचा गोंद टिकत नाही. रोलरच्या पाकिटावर तसं लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं. डॉक्युमेंटेशन न वाचण्याची आमच्या धंद्यातली सवय.

बाबा हसले नाहीत. प्रायमर वाळायच्या आत त्यांनी ब्रशने बाकीचं काम उरकलं. त्यावर लाटा उठल्या तरी चालणार होतं, तो परत घासायचाच होता. पण त्या लाटांकडे बघत ते बराच वेळ उभे होते.

तिसऱ्या दिवशी मी जे मला येतं ते केलं. टेस्टिंग. मासे ठेवायच्या खणाचं एक जुनं फायबरचं झाकण घासलं, प्रायमर लावला, त्यावर पेन्सिलीने सहा चौकोन आखले. झाकण उभं करून ठेवलं, कारण होडीची बाजूही उभीच असते आणि आडव्या फळीवर चांगला दिसणारा रंग उभ्या फळीवर ओघळतो. मग प्रत्येक चौकोनात एकेक प्रकार.

लांब केसांच्या भिंतीच्या रोलरने संत्र्याच्या सालीसारखे खड्डे ठेवले आणि वर लोकरीचे तंतू सोडले. हा रोलर पुष्कळ रंग पितो आणि पुष्कळ ओततो. खडबडीत भिंतीला तेच हवं असतं, गुळगुळीत फायबरला नको असतं.

आखूड केसांचा चार इंची मखमली रोलर खूपच बरा निघाला. साल दिसली, पण बारीक. त्याचेही तंतू सुटतात, पण त्यावर एक उपाय आहे. वापरण्याआधी रोलरला चिकटपट्टी गुंडाळायची आणि ओढून काढायची. सुटणारे तंतू रंगात जाण्याऐवजी पट्टीला चिकटतात.

दाट फोमचा चार इंची रोलर सगळ्यांत पातळ आणि एकसारखा थर देत होता. दाट म्हणजे बोटाने दाबला तर पटकन दबत नाही असा. त्याचं टोक गोलाई दिलेलं असेल तर उत्तम. टोक चौकोनी असेल तर प्रत्येक फेऱ्याच्या कडेला रंगाची एक जाड रेघ राहते, रेल्वेच्या रुळासारखी. पण फोममध्ये हवा असते. फिरवला की रंगात बारीक फुगे येतात. काही आपोआप फुटतात, काही तसेच वाळतात, आणि मग तिथे टाचणीच्या डोक्याएवढे खळगे राहतात. वेगाने फिरवला तर फुगे जास्त, दाबून फिरवला तर कडेच्या रेघा जास्त.

म्हणजे कुठलाच रोलर एकटा पुरेसा नव्हता. मी झाकणासमोर बसून होतो. बाबांनी मागून येऊन फोमच्या चौकोनावर, रंग ओला होता तोवर, आपला जुना ब्रश नुसता टेकवून वरून ओढला. रेघ थरथरली. पण त्या थरथरत्या पट्ट्यात एकही फुगा नव्हता, साल नव्हती. दोन मिनिटांत रंग स्वतःच बसला आणि थरथरसुद्धा निम्मी नाहीशी झाली.

होड्या हाताने रंगवणाऱ्यांची ही जगभरची जुनी रीत आहे, हे मला रात्री मोबाइलवर वाचताना कळलं. रोलरने रंग पसरवायचा आणि लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने वरून हलकेच फिरवायचं. रोलरचं काम रंग सगळीकडे सारखा पोचवणं, ब्रशचं काम फुगे फोडून वरचा पापुद्रा निवळवणं. तिथे एक वाक्य वारंवार येत होतं की हे काम दोघांनी करावं. एक जण रोलर, दुसरा ब्रश. एकट्याने केलं तर रोलर ठेवून ब्रश उचलेपर्यंत रंग ओढायला लागतो.

मी सकाळी बाबांना हे सांगितलं. "मग तू रोलर घे, मी ब्रश," असं ते म्हणतील असं वाटलं होतं. ब्रश त्यांचा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि रोलर उचलला.

ब्रशबद्दल सांगायला हवं. मी पुण्याहून नायलॉनचे दोन ब्रशही आणले होते, चकचकीत. ते पाण्याच्या रंगाला ठीक. पाण्याच्या रंगात नैसर्गिक केस पाणी पिऊन मऊ होतात, पसरतात. ऑइल पेंटला मात्र डुकराच्या केसांचा ब्रश बरा पडतो. बाबांचा तीन इंची ब्रश तसला होता. मी फोनचा कॅमेरा जवळ नेऊन पाहिलं तर प्रत्येक केसाचं टोक दोन-तीन फाट्यांत फुटलेलं. ही फुटलेली टोकं रंग धरून ठेवतात आणि सोडताना बारीक रेघेत सोडतात, जी बसून जाते. आणि वापरून वापरून त्या ब्रशचं तोंड किंचित गोल झालं होतं. नवा ब्रश बाबा कधीच शेवटच्या हाताला वापरत नाहीत. आधी तो होडीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे चालवायचा. सुटे केस तिथे गळून जातात. वर्ष-दोन वर्षांनी त्याला बाहेर बढती.

आमच्याकडे वेळ कमी असायचा. पहाटे होडीवर दव असतं, त्यावर रंग बसत नाही. आठच्या सुमारास अंग कोरडं होतं. अकराच्या पुढे समुद्रावरून वारा सुटतो आणि सोबत वाळू आणतो. संध्याकाळी वारा पडतो, पण तेव्हा लावलेला रंग वाळायच्या आत पुन्हा दव पडतं आणि सकाळी चकाकी गेलेली असते. म्हणजे रोजचे तीन तास, तेही सावलीच्या बाजूने. उन्हात तापलेल्या फायबरवर रंग टेकताच ओढतो आणि ब्रशची रेघ बसायच्या आत वाळते. त्यासाठी रंगात टर्पेंटाइन अगदी थोडं घालायचं. ते किती, याला बाबांचं माप होतं. काडी रंगात बुडवून उचलायची. धार तुटून थेंब पडायला लागले की पुरे.

होडीची बाहेरची बाजू मी मोजली, साधारण ११० चौरस फूट. एका हाताला लिटरभर रंग. मी तीन पातळ हात धरले होते. बाबांचेही तीनच, मोजणी न करता. जाड एका हातात भागवायला गेलं तर रंग वरून वाळतो, आतून मऊ राहतो, ओघळतो आणि नंतर त्याचेच पोपडे निघतात.

पहिल्या दिवशी आमचं अजिबात जमलं नाही. बाबा रोलर उभा, वरून खाली फिरवत दोन फुटांचा पट्टा भरायचे. मी मागून ब्रश आडवा ओढायचा. नवीन, न फिरवलेल्या बाजूकडून सुरू करून आधीच्या ओल्या पट्ट्यात जायचं आणि तिथे विमान उडतं तसा ब्रश अलगद उचलायचा. ऐकायला सोपं आहे. मी एका पट्ट्यावर चार-चारदा फिरवत होतो. कुठे बारीक रेघ दिसली की परत जात होतो. तोवर बाबा दोन पट्टे पुढे गेलेले. मी तिथे पोचेपर्यंत रंग ओढलेला, ब्रश अडकायचा, आणखी रेघा. आमच्या भाषेत एक बाजू माल तयार करत राहते आणि दुसरी बाजू तो उचलू शकत नाही, तेव्हा रांग तुंबते. उपाय पुस्तकात आहे, पहिल्याने थांबायचं. पण बाबांना "हळू" म्हणायला माझी जीभ उचलेना. कित्येक दिवसांनी त्यांचा हात न अडखळता चालत होता.

कारण रोलरने खरंच फरक पडला होता. रोलर होडीच्या अंगावर टेकलेला असतो, म्हणजे हात हवेत नसतो. दांडा ते दोन्ही हातांनी धरत होते. थरथर यायची, पण रोलर गोल फिरत राहायचा आणि ती त्यात मुरून जायची. पट्टा पूर्ण झाला की सारखाच दिसायचा. आई दोनदा चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवून नुसती बघत उभी राहिली.

शेवटी बाबाच थांबले. मागे आले. माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "ब्रश दाबू नको. तो आपल्याच वजनान चालाक व्हयो." त्यांच्या हाताची थरथर माझ्या मनगटात येत होती. मी ब्रश सैल धरला, अगदी शेवटाला, दोन बोटांत. पंचेचाळीस अंशात तिरका. एकदाच ओढला. रेघ राहिली. मी परत जायला लागलो.

"पाठी बघू नको," बाबा म्हणाले. "रवांदे. तो बसता."

खरंच बसला. रंग वाळेपर्यंत तो द्रवच असतो, स्वतःची पातळी स्वतः शोधतो. तेवढा वेळ त्याला द्यायचा असतो. मी पुन्हा पुन्हा सुधारायला जात होतो तेव्हा तोच वेळ काढून घेत होतो. चूक दिसली की लगेच दुरुस्त कर, हे मला सात वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. इथे दिसलेली चूक उद्यापर्यंत सोडायची होती. उद्या वाळल्यावर ३२० नंबरचा ओला पेपर हलकेच फिरवायचा, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने धूळ टिपायची आणि मग पुढचा हात.

दुसऱ्या हाताला आम्ही बोललोच नाही. बाबा पट्टा भरायचे, मी ओढायचो, माझा ब्रश उचलला गेल्याचं त्यांना कसं कळायचं ते माहीत नाही, पण तेव्हाच त्यांचा रोलर पुढे सरकायचा. मधल्या सुट्टीत त्यांनी आजोबांच्या लाकडी होडीचं सांगितलं. तिला चकचकीत रंग कधी नव्हताच. माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल चिंधीने चोळायचे. लाकूड ते पिऊन टाकायचं. हात कसा फिरला ते कुणाला दिसायचं नाही. फायबर आलं आणि सगळं दिसायला लागलं. "फायबर कायच पियत नाय," बाबा म्हणाले. "सगळा वर ठेवता."

मी विचारलं, मग एवढं गुळगुळीत कशाला? मासे काय बघतात?

"माशांका दिसणा नाय. माका दिसता."

बस्स, एवढंच. गेलं वर्षभर त्यांना ते दिसत होतं. रोज पहाटे होडीपाशी जाताना स्वतःच्या हाताची थरथर २२ फूट लांबीत निळ्या रंगात लिहिलेली. मी कॅन्टीनमध्ये एकदा पाहिली आणि माझा घास अडकला होता. ते तिच्यातच बसून मासेमारीला जात होते. 'अशी देवची नाय' म्हणजे काय, ते मला खऱ्या अर्थाने तिथे कळलं.

तिसरा हात रविवारी झाला. नाळेजवळ वक्र भाग येतो. तिथे रोलर पूर्ण टेकत नाही, रंग एका जागी साठतो. मी तिथे ब्रश थोडा जास्त भिजवला. संध्याकाळी पाहिलं तर एक ओघळ. करंगळीएवढा, टोकाला थेंब. मी पेपर शोधायला उठलो. बाबा म्हणाले, आता आतून ओला आहे, घासलास तर फाटेल. आणि मंगळवारी तर भाऊ न्यायला येणार होता.

तो टेम्पो आणि चार माणसं घेऊन आला. होडीभोवती एक चक्कर मारली. गाडी घेताना लोक मारतात तशी. मग नाळेपाशी उभा राहून तळहात अंगावरून मागे नेला, शेवटपर्यंत. "काका, स्प्रेन मारलात?" बाबा नुसते हसले. परत येताना त्याचं बोट त्या ओघळावर थांबलं.

"ह्यो कोणी सोडलो?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझो तो. हात कापता."

वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी बाहेरच्या चार माणसांसमोर ते म्हटलं होतं, आणि तेही माझ्यासाठी. मी काही बोललो नाही. पाठी बघू नको.

टेम्पो गेल्यावर माडांखाली होडीच्या आकाराची कोरडी वाळू राहिली होती, कडेला निळे थेंब. मी पुण्याची बॅग भरायला घरात चाललो होतो. बाबांनी हाक मारली, "झिला, ब्रश धुतलंस?"

नव्हता धुतला. होडी नाही तर ब्रश कशाला, असं वाटलं होतं बहुतेक. मी तो टर्पेंटाइनमध्ये तीनदा बुडवून पिळला, मग साबणाने, पांढरा फेस येईपर्यंत. केस बोटांनी सरळ केले, वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला. उभा ठेवला तर केस वाकतात, म्हणून दांड्याच्या भोकात सुतळी घालून पडवीतल्या खिळ्याला टांगला.

बाबा आले, कागद किंचित उघडून टोकं पाहिली, आणि पुन्हा तसाच बंद केला.